सुगीला गेलेला ऑपरेटर तीन आठवड्यांनी आला, काढता येतो का? आणि रजेचा हिशेब कसा ठेवता?

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी आणि थोडे ऑटोचे जॉब करतो. बाबांनी दोन लेथवर सुरुवात केली तेव्हा माणसं पाच-सहा होती. सगळे येळ्ळूर, मजगाव, अनगोळचे. कुणाच्या घरी लग्न असलं तर बाबांना आदल्या महिन्यातच ठाऊक असायचं. आता चार सीएनसी, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), दोन शिफ्ट आणि माणसं २७, त्यातली सहा ठेकेदाराकडची. काही पोरं खानापूरकडून येतात, काही चंदगडकडून. कुणाच्या गावची जत्रा कधी हे मला कुठून कळणार?

रजेचा हिशेब मात्र बाबांच्याच पद्धतीनं चाललाय. ऑफिसात एक डायरी, त्यात नाव आणि खाडा. पगाराच्या दिवशी खाडे मोजायचे आणि तेवढे कापायचे. सांगून गेला काय, न सांगता गेला काय, खाडा तो खाडा. पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आजारपण विमा) कन्सल्टंट बघतो, चलन १५ तारखेच्या आत जातं. दिवाळीला बोनस देतो. पगारी रजा म्हणून वेगळं काही लिहून ठेवण्याची वेळच आली नव्हती.

आता प्रसंग असा. सात वर्षं जुना ऑपरेटर, नंदगडच्या पुढचा. हात इतका साफ की बोअरचं मोजमाप त्याच्या शिफ्टला मी तपासायलाही जात नाही. डिसेंबर लागल्यावर सुपरवायझरला म्हणाला, "भाताची मळणी उरकून आठवड्यात आलो की." आठवडा झाला, फोन लागेना. त्याच दिवसांत पुण्याच्या पार्टीचं शेड्यूल आलं, दोन मशीन बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. शेवटी शिनोळीच्या एका कारखान्यातून जास्त पगार देऊन दुसरा ऑपरेटर आणला. नाताळ झाल्यावर हे महाशय हजर. शेवटच्या आठवड्याचा ईएसआयचा दाखला आणलाय, कंबर धरली होती म्हणे. आधीच्या दोन आठवड्यांचा कागद काही नाही. गेटवर अडवलं नाही, पण मशीनही दिलेलं नाही, डिबरिंगला, म्हणजे जॉबच्या कडा घासायला, बसवलाय. बाकीची माणसं माझ्याकडे बघायलेत, मालक काय करतो म्हणून.

सल्ले भरपूर मिळाले. एक जण म्हणतो, दहा दिवस न सांगता गैरहजर राहिला की नाव आपोआप कमी होतं. दुसऱ्यानं सांगितलं, राजीनामा लिहून घे, आणि इथून पुढं भरतीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेव. तिसरा म्हणाला, मुळात माणसं १९ वर आण, पीएफ आणि बोनसची कटकटच नको. बाबा एवढंच म्हणतात, "सुगीला गेला म्हणून माणूस काढतात होय रे?"

मला विचारायचंय ते हे की याला काढायचा झाला तर सरळ रस्ता कोणता आणि खर्च किती येतो? न काढल्यास उद्या सगळेच असे जातील, त्याला काय करू? आणि नवीन लेबर कोड आलेत त्यानं आमच्यासारख्याला नेमकं काय बदललं?

---

पर्सोनेलवाले काका

उद्यमबागवाले, माझी नोकरी फौंड्रीच्या पर्सोनेल खात्यात गेली. तेव्हा एचआर हा शब्द बेळगावात पोचला नव्हता. आता टिळकवाडीत घरीच असतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

काढायचं की ठेवायचं हे नंतर. आधी एक काम करा. त्या माणसाची २०२४ ची हजेरी काढा आणि कामाचे दिवस मोजा. फॅक्टरी अॅक्ट १९४८ चं ७९ वं कलम असं होतं की वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. समजा २८० दिवस भरले, तर १४ दिवस. ती वापरली नाही तर पुढे ३० दिवसांपर्यंत साठते. तुम्ही सात वर्षांत एकही पगारी रजा मांडलेली नाही, खाडेच कापलेत. म्हणजे २०२५ च्या डिसेंबरात गेला तेव्हा त्याच्या नावावर १४ आणि वर मागची शिल्लक होती. तो गेला तीन आठवडे, त्यातला एक आठवडा ईएसआयचा. राहिले दोन आठवडे. बसतात की नाही शिल्लकेत? ज्याला तुम्ही पळालेला समजताय त्याची रजा तुमच्याकडेच जमा आहे.

पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्यायचा असतो, तो त्यानं दिला नाही, हा त्याचा दोष खराच. पण तुमच्याकडे अर्जाचा नमुना आहे? कुणाकडे द्यायचा हे कुणाला माहीत आहे? सुपरवायझरला तोंडी सांगून जाणं हीच तुमच्या कारखान्याची रीत असेल, तर लेबर ऑफिसच्या साहेबासमोर तुम्ही काय दाखवणार? डायरी?

"नाव आपोआप कमी" हे डोक्यातून काढून टाका. १९९३ साली डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्यात सुप्रीम कोर्टासमोर हाच मुद्दा होता. त्या कंपनीच्या स्थायी आदेशात (कारखान्याच्या लेखी नोकरी-नियमांत) तर छापलेलंच होतं की आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिला तर नोकरीवरचा हक्क गेला. तरीही कोर्टानं म्हटलं, त्याला बाजू मांडायची संधी न देता काढलं हे चूक. कामगार परत घ्यावा लागला, वर मागचा निम्मा पगार. तुमच्याकडे स्थायी आदेशच नाहीत.

मग काढायचा रस्ता कोणता? दोन आहेत, आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिला म्हणजे गैरवर्तनासाठी काढणं. आधी कामावर हजर व्हा म्हणून पत्र, त्याच्या गावच्या पत्त्यावर. मग आरोपपत्र, त्याचं उत्तर, मग चौकशी. चौकशी करणारा तुम्ही नाही, तुमचा सुपरवायझरही नाही, कारण साक्षीदार तोच. तिथं त्याला प्रश्न विचारू द्यायचे, कागद बघू द्यायचे आणि मग निर्णय. पत्र त्याला वाचता येईल अशा भाषेत द्या. खानापूरच्या माणसाला मराठीत लिहा आणि लेबर ऑफिससाठी कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा. आम्ही नेहमी दोन्ही लावायचो. नाहीतर "मला कळलंच नाही" हे पहिलं उत्तर येतं आणि ते खोटंही नसतं. रजिस्टर पोस्ट शोधत बसू नका, १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच मिळवलंय. पोचपावती मागून घ्या.

एवढं करूनही सात वर्षं स्वच्छ असलेल्या माणसाला एका गैरहजेरीसाठी बडतर्फ केलं तर शिक्षा जास्त झाली म्हणून ती टिकणं कठीण. त्याला एक समजपत्र द्यावं, एवढाच तो गुन्हा.

दुसरा रस्ता म्हणजे माणूस जास्त झाला म्हणून कमी करणं. वर्षभर सलग नोकरी, म्हणजे २४० दिवस, भरलेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. नव्या औद्योगिक संबंध कोडमध्ये आणखी १५ दिवसांचा पगार कौशल्य निधीतून त्याच्या खात्यावर जायला हवा, तो भरायचा मालकानंच. पण इथं एक गंमत आहे. नियम "शेवटी आलेला आधी जाणार" असा आहे. तुमच्याकडे शेवटी कोण आला? शिनोळीवाला! ज्याला जास्त पगार देऊन आणलात तोच आधी घरी जायचा.

ग्रॅच्युइटी वेगळी, ती दोन्ही रस्त्यांवर जवळपास चुकत नाही. हिशेब सोपा: शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. वेतन १८,२०० धरलं तर दिवसाचे ७००, वर्षाचे १०,५०० आणि सात वर्षांचे ७३,५००. पुढच्या वर्षाचे सहा महिने ओलांडले की तेही पूर्ण धरतात. मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवायची आपल्याकडची जुनी युक्ती आता चालत नाही. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. कर्नाटकात २०२४ च्या नियमांनी ग्रॅच्युइटीचा विमाही सक्तीचा केलाय. तुमच्या कन्सल्टंटनं तो काढलाय का, हे आजच विचारा.

ईएसआयचा दाखला हलक्यात घेऊ नका. आजारपणाचा लाभ चालू असताना माणसाला काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही; ईएसआय कायद्याचं ७३ वं कलम त्यासाठीच होतं. ते दिवस खाडा म्हणून मोजू नका. त्या दिवसांचा पगार तुम्हाला द्यायचा नाही. ७० टक्के ईएसआय देतं, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठीच तुम्ही सव्वातीन टक्के आणि तो पाऊण टक्का भरतो.

कोऱ्या कागदावरच्या सहीबद्दल मी काही लिहित नाही. असा सल्ला देणाऱ्याकडून मशीनसुद्धा विकत घेऊ नये.

आणि १९ चा हिशेब. पीएफ एकदा लागू झाला की माणसं कमी केली तरी लागूच राहतो, ईएसआयचंही तसंच. ठेकेदाराची माणसंही मोजणीत येतात. ती गाडी गेली.

कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत. तुमच्या कामाचं एवढंच: पगारी रजेला आता २४० नाही, १८० दिवस भरले की पात्र. वर्षअखेर मागितली तर रजेचे पैसे द्यायचे. प्रत्येकाला नेमणूकपत्र सक्तीचं. मुदतीच्या करारावर घेतलेल्याला एक वर्ष भरलं तरी ग्रॅच्युइटी. आणि कुणी सोडून गेला किंवा काढला, तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता.

---

खानापूर लोकल

काकांनी कायदा सांगितला. मी मशीनवरचा माणूस, उद्यमबागेतच आहे, पण तुमच्याकडे नाही. मालक, तुमच्याच पोस्टमध्ये एक वाक्य आहे: "सांगून गेला काय, न सांगता गेला काय, खाडा तो खाडा." मग माणूस सांगेल कशाला? सांगितलं तर सुपरवायझर "आता नाही, शेड्यूल आहे" म्हणणार. न सांगता गेलं तरी तेवढाच पगार कापणार. आम्ही पण हिशेब करतो की.

फोनचं म्हणाल तर आमच्याकडे रानात रेंज असते तीसुद्धा झाडावर चढल्यासारखी. आणि मळणी आठवड्याची आठवड्यात होत नाही. मशीनवाला आज येतो उद्या येतो करत चार गावं फिरून येतो. घरात बाप म्हातारा, भाऊ गोव्याला. भात खळ्यावर टाकून कोण येणार बेळगावला?

त्याला डिबरिंगला बसवलंय हे मात्र बरोबर नाही. सात वर्षांच्या ऑपरेटरला सगळ्यांसमोर घासायची फाईल हातात देणं म्हणजे काय, हे शॉपमधल्या प्रत्येकाला कळतं. शिनोळीवाल्याला जास्त पगार दिलाय हे पण एव्हाना सगळ्यांना कळलं असणार. आता जे जातील ते जत्रेला जाणार नाहीत, दुसरीकडे जातील.

---

मच्छे असेंब्ली

माझं छोटं युनिट आहे मच्छ्याला, निम्म्याहून जास्त बायका. त्यामुळे माझं गणित थोडं वेगळं, पण रजेचं म्हणाल तर मी जानेवारीतच एक मोठा कागद भिंतीला लावते. प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं लिहायचं: गावची जत्रा कधी, रोप लावणी कधी, सुगी कधी, सौंदत्तीला कुणाला जायचंय, पंढरीला कोण. तारीख पक्की नसली तरी महिना लिहायचा. मग एका आठवड्यात तीनपेक्षा जास्त नावं आली तर त्यांनीच आपसांत मिटवायचं. आश्चर्य वाटेल, पण मिटवतात. माझ्याकडे आलं असतं तर भांडण झालं असतं.

वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीनंतरची सकाळ मी उत्पादनात धरतच नाही. रात्रभर जागून आलेल्या पोरांकडून स्क्रॅप काढून घेण्यापेक्षा तो दिवस आधीच्या रविवारी भरून घेतलेला बरा. गणपतीचंही तसंच.

सणाच्या सुट्ट्यांचा कर्नाटकाचा वेगळा कायदा आहे, १९६३ चा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर हे पाच दिवस ठरलेले आणि वर पाच सण. हे रजेतून वजा करायचे नाहीत, काका बोलले त्या १४ च्या वर आहेत. १ नोव्हेंबरला आमच्याकडे कुणी राज्योत्सवाच्या मिरवणुकीला जातं, कुणी काळ्या दिनाच्या फेरीला, आणि बहुतेक जणी घरातली कामं उरकतात. मी कारखाना बंद ठेवते आणि कुणाला विचारत नाही.

बायका कामाला असतील तर आणखी एक: मासिक पाळीच्या रजेला कर्नाटक मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी दिली, महिन्याला एक पगारी दिवस. ते प्रकरण हायकोर्टातही गेलंय. मी रजा द्यायला लागलेय. घेतात थोड्या जणी, पण त्या दिवशी खोटं कारण सांगायची गरज उरली नाही. बाळंतपणाचे २६ आठवडे ईएसआयमधून मिळतात, तेव्हा "बाळंतपणाचा खर्च परवडत नाही" म्हणणाऱ्या मालकांनी आपलंच चलन एकदा वाचावं.

एक विचारते, तुमची चंदगडची पोरं घरच्या पत्त्यावर महाराष्ट्राचे नियम मागत नाहीत ना? आमच्याकडे एकीचा नवरा भांडायला आला होता. कामाची जागा कर्नाटकात, तर कायदा इथलाच. सुट्ट्याही इथल्याच.

---

उद्यमबागवाला

काका, ताई, खानापूरकर, आभार. २०२४ ची हजेरी काढली. त्याचे १४ नाही, १५ दिवस निघाले. बाबा शेजारीच बसलेत आणि काही न बोलता चहा पितायत, ते जास्त लागतंय.

त्याला उद्यापासून पहिल्या शिफ्टला त्याचंच मशीन देतो. शिनोळीवाला दुसऱ्या शिफ्टला राहील, काम आहे तेवढं. पण पगारातला फरक कसा मिटवायचा ते अजून सुचलेलं नाही. सगळ्यांचा एकदम वाढवणं या तिमाहीत जमणार नाही. बहुधा जुन्या तीन ऑपरेटरांचं आधी करेन.

काका, दोन शंका. डिसेंबरच्या पगारात ते दोन आठवडे कापून झालेत. आता मागाहून रजा मांडली तर चालेल का? आणि समजपत्र द्यायचं तर त्यात काय लिहू? वाचल्यावर माणूस उठून जाऊ नये असं.

---

पर्सोनेलवाले काका

चालेल. त्याच्याकडून मागच्या तारखा लिहिलेला अर्ज आजच्या तारखेनं घ्या. आजच्या तारखेनं म्हणतोय, मागची तारीख टाकू नका. खाली "विशेष बाब म्हणून मंजूर" लिहून सही करा आणि कापलेले पैसे जानेवारीच्या पगारात वेगळी ओळ करून द्या. रजेच्या दिवसाचा पगार त्याच्या रोजच्या सरासरीनं काढायचा, ओव्हरटाइम आणि बोनस सोडून. ईएसआयचे दिवस त्यात घालू नका, ते वेगळे दाखवा.

समजपत्र चार ओळींचं. अमुक तारखेला लेखी अर्ज न देता गेलात, ठरल्यापेक्षा उशिरा आलात, त्यामुळे दोन मशीनचं काम अडलं. पुढच्या वेळी पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा, आणि रानातून यायला उशीर होणार असेल तर कुणाच्या तरी फोनवरून सुपरवायझरला मेसेज टाकावा. बस. "सक्त ताकीद", "अन्यथा" हे शब्द नकोत. आणि मशीन आधी द्या, पत्र दुपारी द्या, उलटं करू नका.

त्याच दिवशी सगळ्यांना अर्जाचा नमुना वाटा, नाहीतर पत्र एकट्यालाच आलं असं होईल. सुपरवायझरलाही लेखी सांगा की तोंडी रजा मंजूर करायची नाही. तो सगळ्यांचा गाववाला असतो, त्याला नाही म्हणता येत नाही. कागद असला की त्याचीही सुटका.

बाकी कुणी नोकरी सोडून गेलेले असतील तर त्यांच्या पीएफमध्ये सोडल्याची तारीख टाकलीय का तेही बघून घ्या. ती राहिली की माणूस दोन वर्षांनी दारात येतो, पैसे अडकले म्हणून.

---

उद्यमबागवाला

एक तारीख राहिलीय, भरतोच. रजेचं रजिस्टर छापील आणू की कॉम्प्युटरवर चालेल?

---

पर्सोनेलवाले काका

कॉम्प्युटरवर चालतं. छापील हवं असेल तर खडेबाजारात स्टेशनरीच्या दुकानात विचारा. काहीही ठेवा, दर महिन्याला प्रत्येकाची शिल्लक पगाराच्या स्लिपवर छापा. आणि सहा ठेकेदारवाल्यांचीही मागून घ्या, ठेकेदार ती देत नसेल तर बिल पास करू नका.